बैलाच्या पोटात

माझा भाचा कंपनीच्या कामासाठी इस्तंबूलला जाऊन आला आणि येताना आमच्यासाठी एक जनावर घेऊन आला.

जनावर म्हणजे जिवंत नव्हे, मातीचं. अंगावर हिरवट-पिवळी काचेसारखी झिलई, तिच्यावर सोनेरी ठिपके, चार आखूड पाय, फुगलेलं पोट, पाठीवर कमानीसारखी मूठ, मुठीच्या बुडाशी एक भोक आणि पुढे लांब मान काढून उघडलेलं तोंड. भाच्यानं ते खोक्यातून, भुशातून आणि तीन तुर्की वर्तमानपत्रांतून सोडवून टेबलावर ठेवलं आणि विजयी मुद्रेनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"छानच आहे," सौ. म्हणाली. "काय आहे?"

हा प्रश्न पुढे आठवडाभर आमच्या गल्लीत चघळला गेला. पिंप्राळा आज जळगाव शहरातच मोडतं. आषाढी एकादशीला रथ निघतो तेवढ्या दिवशी ते पुन्हा गाव होतं. पण दुसऱ्याच्या घरात काय नवीन आलं हे पाहण्यापुरतं ते बाराही महिने गावच आहे. शेजारच्या काकूंनी तो उंट ठरवला. नातवानं डायनासोर म्हटलं. कामवाल्या बाईंनी "बकरीच आहे, फक्त आजारी आहे" असं निदान केलं. जनावरांच्या बाबतीत आम्ही दूधवाल्याचा शब्द प्रमाण मानतो. त्यानं दोन्ही बाजूंनी फिरून नीट पाहिलं, "दुधाची जात नाही ही," एवढंच सांगितलं आणि किटली उचलून तो चालता झाला.

भाच्याचं म्हणणं, तो घोडा होता.

"पण याचं करायचं काय?" सौ.नं विचारलं.

"मामी, हा जग आहे, जग."

पोरगा परदेशी जाऊन आल्यावर तत्त्वज्ञान सांगायला लागला असं तिला क्षणभर वाटलं. मग खुलासा झाला की जग म्हणजे पाण्याचा जग. पाठीवरच्या भोकातून पाणी भरायचं, मूठ धरायची, वाकवायचं, की घोड्याच्या तोंडातून धार पडते. प्रात्यक्षिकही झालं. धार पडली, ती पेल्यात न पडता माझ्या मांडीवर पडली, हा घोड्याचा दोष नव्हे.

इतका वेळ खाटेवर बसून सगळं पाहत असलेले आमचे आबा आता बोलले. आबा म्हणजे माझे वडील. वय सत्त्याऐंशी. ऐकू कमी येतं असं ते सांगतात. पण जे ऐकू यायला नको ते बरोबर येतं.

"जनावराच्या तोंडातलं पानी?" ते म्हणाले. "पाहुन्याले उष्टं पानी पाजता का रे?"

आता मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तराला सरकार निवृत्त करतं, पण इतिहास त्याच्यातून निवृत्त होत नाही. मी सरसावून बसलो. म्हटलं, "आबा, आपण चोपडा तालुक्यात उनपदेवाला जातो. तिथं गरम पाण्याचा झरा गोमुखातनंच येतो ना? त्याला आपण तीर्थ म्हणतो. तेव्हा नाही उष्टं?"

आबांनी थोडा विचार केला. "ते गायचं तोंड आहे," ते म्हणाले. "हे कशाचं तोंड ते तं ठरू द्या पह्यले."

माझा पराभव झाला. एकतीस वर्षांच्या नोकरीची सवय असल्यामुळे तो मी मनाला लावून घेतला नाही.

पुढचा प्रश्न जागेचा. आमच्या घरी काचेचं कपाट आहे. त्यात नातवाची पदकं, माझा निवृत्तीचा नारळ (आता फक्त करवंटी), सौ.चे काचेचे पेले आणि सगळ्यांत वरच्या कप्प्यात एकच वस्तू – आबांचा मातीचा बैल. वीतभर उंचीचा, पोळ्याला पूजतात तसला, शिंगांवरचा रंग उडालेला. त्या कप्प्यात दोन बैल मावतील एवढी जागा आहे. मी घोडा तिथं ठेवायला गेलो.

"तिथं नको," आबा म्हणाले. "आन् बैलाले हात लावू नको."

बैलाला हात लावायचा नाही हा आमच्या घरातला जुना कायदा. दिवाळीच्या साफसफाईतही तो कप्पा आबा स्वतः पुसतात. मी घोडा फ्रिजवर ठेवला आणि त्याच्या पोटाला चिकटवलेली चिठ्ठी वाचायला घेतली.

चिठ्ठीवर एका गावाचं नाव होतं – चनाक्कले. त्या नावानंच मला धरलं. तुर्कीत 'चनाक' म्हणजे मातीचं भांडं, वाडगा. आणि 'कले' म्हणजे किल्ला. आपला 'किल्ला' मूळचा अरबी, त्यांचा 'कले'ही तिथलाच. म्हणजे हा शब्द आपला चुलतभाऊच निघाला! तेव्हा रायगड, सिंहगड तसा हा वाडगेगड. शत्रूनं चाल करून यावं आणि वरून वाडगे फेकावेत असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. पण प्रकार तसा नाही. दार्दानेल्सच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीच्या काठी तुर्कांचा किल्ला होता, शेजारी कुंभारांची वस्ती होती आणि तिथली भांडी इतकी नावाजली की गावाचं नावच तसं पडलं. याच सामुद्रधुनीवर १९१५ साली गॅलिपोलीची मोठी लढाई झाली.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या कुंभारांचा धंदा जोरात होता. आधी ते साध्या थाळ्या करत आणि त्यांच्यावर फुलं, मासे, गलबतं रंगवत. एकोणिसाव्या शतकात सामुद्रधुनीतून जाणारी बोटींची वर्दळ वाढली. बोटी थांबायच्या, उतारू उतरायचे आणि घरी न्यायला काहीतरी चमत्कारिक शोधायचे. गिऱ्हाइकाला काय पाहिजे हे जगातल्या कुठल्याही कुंभाराला सांगावं लागत नाही. चनाक्कलेच्या सुरयांना घोड्यांची तोंडं फुटली, भांड्यांना पाय आले, अंगावर सोनेरी मुलामा चढला. म्हणजे प्रवाशानं हौसेनं जनावर आणायचं आणि घरच्यांनी "काय आहे?" म्हणून विचारायचं, ही परंपरा चांगली दीडशे वर्षांची आहे. आमच्या सौ.नं ती नकळत पाळली होती.

पण ही कुंभारांची खोड दीडशे वर्षांची नाही. शोधत गेलो तसा मी खोलच जात राहिलो.

तुर्कस्तानात कायसेरी शहराजवळ कुलतेपे नावाची टेकडी आहे. चार हजार वर्षांपूर्वी तिथं मोठी पेठ होती. आजच्या इराकमधल्या अश्शूर नावाच्या शहरातून व्यापारी कथील आणि कापड घेऊन सुमारे हजार किलोमीटर तुडवत इथं यायचे. ते सगळं सामान गाढवांवर! त्यांनी आपला हिशेब मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवला. अशा वीस हजारांहून जास्त पाट्या सापडल्या आहेत. त्यांत बायकांनी नवऱ्यांना लिहिलेली पत्रंही आहेत, आणि त्या पत्रांतल्या तक्रारी आमच्या सौ.ला वाचून दाखवल्या तेव्हा ती म्हणाली, "यात नवीन काय आहे?" याच गावात प्यायची भांडी मिळाली – सिंहाच्या आकाराची, बैलाच्या, रानडुकराच्या, गरुडाच्या. तहसीन ओझ्गुच या तुर्की पुरातत्त्वज्ञांनी १९४८ साली तिथलं उत्खनन हाती घेतलं आणि पुढे पन्नासहून अधिक वर्षं ते तिथंच खणत राहिले. आमच्या नात्यात पन्नास वर्षं एकाच जागी खणलेला माणूस एकच. तो विहिरीला पाणी लागेना म्हणून.

पुढे त्याच मुलखात हित्ती लोकांचं राज्य आलं. त्यांच्याकडे तर प्रत्येक देवाला त्याच्या जनावराचं भांडं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांचं हरणाच्या आकाराचं चांदीचं पात्र आहे. त्यांच्या विधींच्या पाट्यांवर 'राजा अमुक देवाला प्याला' असं चक्क लिहिलेलं असतं. म्हणजे देवाच्या नावानं प्याला, की देवालाच प्याला, यावर पंडितांचं एकमत नाही. आपल्याकडे देवाच्या नावावर खाणारे पुष्कळ पाहिले. पिण्याची कल्पना मात्र त्यांची.

जनावरातून ओतायचा हा नाद पुढे जगभर पसरलेला दिसतो. मध्ययुगातले युरोपीय लोक जेवणाआधी पितळी सिंहाच्या तोंडातून हातावर पाणी घेत. चीनचे कुंभार निळ्या-पांढऱ्या चिनीमातीची हत्तीच्या आकाराची भांडी घडवत, सोंडेऐवजी तोटी. तसल्या भांड्याला 'केंडी' म्हणतात, आणि हा शब्द संस्कृत 'कुंडिका'वरनं गेलेला. शब्द आपण दिला आणि हत्ती त्यांनी घडवला. इंग्रजांनी अठराव्या शतकात चांदीची गाय काढली : पाठीवर झाकण, शेपटीची मूठ, तोंडातून चहात दूध. या गाईच्या चोरीवर वुडहाउसनं १९३८ साली अख्खी विनोदी कादंबरी लिहिली. गाईच्या आचळातून येणारं दूध इंग्रजानं तोंडातून का काढावं, हे मात्र आमच्या दूधवाल्याला काही केल्या पटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, जग फिरून आलात. आपल्या खान्देशात त्या वेळी काय चाललं होतं?

हाच प्रश्न मलाही पडला, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमान वाटावा अशा आशेनं पडला. कुलतेपेला गाढवं कथील वाहत होती, साधारण त्याच सुमारास आमच्या तापीकाठी सावळदा या गावी लोक सुंदर भांडी घडवत होते. सावळदा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे; १९९८ पर्यंत तो भाग धुळे जिल्ह्यात होता. त्या भांड्यांवरनं आता एका संपूर्ण संस्कृतीला 'सावळदा संस्कृती' म्हणतात. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे, गिरणेच्या काठी बहाळ – या गावांतही पुरातत्त्वाच्या लोकांनी १९५० च्या दशकात खणून ताम्रपाषाण काळातला खान्देश बाहेर काढला. सावळद्याच्या भांड्यांवर काळ्या रंगानं जनावरं, पक्षी, मासे, बाणांची टोकं काढलेली आहेत. म्हणजे तिकडे मडक्याचं जनावर होत होतं आणि इकडे मडक्यावर जनावर चालत होतं. स्वभावाचा फरक! आमच्या लोकांना वाटलं असेल, पाणी मडक्यात राहू द्यावं आणि जनावर बाहेर. दोघांनी एकमेकांच्या कामात पडू नये.

पण आपल्या लोकांनी जनावर घडवलंच नाही असं नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून वर्षानुवर्षं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी मोठी माणसं त्यात होती. एका घराच्या जमिनीखाली त्यांना कच्च्या मातीची एक पेटी सापडली, तिच्यात बिनडोक्याची देवी, आणि सोबत एक बैल. तीन हजार वर्षांहून जुना. या बैलाच्या पाठीत एक भोक आहे. देवीच्या पोटातही भोक आहे. मध्ये काडी घातली की देवी बैलावर बसते. आणि प्रवरेकाठचं दायमाबाद तर सगळ्यांना ठाऊक आहे. १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना तिथं चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. चारींचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. जनावरं चाकांवर चालायची. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल चाकांवर ओढतात, ते पाहिल्यावर मला नेहमी दायमाबाद आठवतं.

तर तिकडे भोकातून दारू ओतायची, इकडे भोकात काडी घालून देवी बसवायची. हा भोकाचा इतिहास घेऊन मी एके दिवशी आमच्या ओळखीच्या कुंभारदादांकडे गेलो. तुर्की घोडाही पिशवीत घालून नेला. दादा चाकावर बसले होते. त्यांनी हात पुसले, घोडा उलटा केला, पोटावर टिचकी मारली, कानाशी धरला.

"सर," ते म्हणाले, "हे तं मडकंच आहे. आडवं पाडेल मडकं."

"म्हणजे?"

"म्हंजे चाकावर आधी मडकं काढलं, तोंड बंद केलं, आडवं केलं. मंग चार नळ्या काढून पाय लावले. मान लावली. मीबी मोठा बैल असाच करतो."

"पण पोकळ का? भरीव का नाही?"

दादांनी माझ्याकडे, मी नापास मुलाकडे पाहायचो तसं पाहिलं. "भरीव केला तं आव्यात फुटते, सर. जाड मातीच्या पोटात ओल राह्यते. आग लागली का तिची वाफ होते. वाफेले वाट नाही भेटली का ते पोट फाडून निघते. बोटाएवढा बैल भरीव चालते. मोठा करायचा तं पोकळच पाह्यजे, आन् भोक ठेवाच लागते."

मी शेणाने सारवलेल्या त्या ओट्यावर बसलो तो बराच वेळ उठलो नाही. एवढे ग्रंथ चाळले, आणि मुद्दा पिंप्राळ्यात बसला होता! माती भाजायची म्हटली की मोठं जनावर पोकळ होतंच. पोकळ झालं की त्याला भोक लागतंच. आणि पोकळ असून भोक असलेल्या वस्तूला आपण काय म्हणतो? भांडं. कुंभारानं बैल घडवला तरी हातून मडकंच होतं. त्याला ते लपवता येत नाही. मग त्या मडक्यात काय घालायचं, हे ज्या त्या मुलखानं आपल्या भुकेप्रमाणे ठरवलं. कुणी दारू, कुणी दूध, कुणी पाणी.

"आणि तुमच्या बैलात लोक काय घालतात?" मी विचारलं.

"काही नाही," दादा म्हणाले. "ते भोक फक्त वाफेचं." मग थोडं थांबून म्हणाले, "आता तं लोक साच्यातले प्लास्टरचेच घेतात. त्यांले भोकबी नाही आन् आगबी नाही."

घरी येऊन हे सगळं आबांना सांगितलं. त्यांना पोकळपणाचं कौतुक वाटलं नाही. ते त्यांना ठाऊक असावं. म्हणून मी पुस्तकातलं एक चित्र त्यांच्यापुढे धरलं. हित्तींच्या राजधानीत हत्तुशाला दोन मातीचे बैल सापडले आहेत. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे, प्रत्येक सुमारे नव्वद सेंटिमीटर उंच, आतून पोकळ, ओतायचेच. ही हित्तींच्या पावसा-वादळाच्या देवाची बैलजोडी. तिची नावंही पंडित सांगतात – शेरी आणि हुर्री.

आबांनी चष्मा लावला. चित्र डोळ्यांपासून लांब, मग जवळ नेलं.

"गाडीले होते का नांगराले?"

"रथाला. देवाच्या रथाला."

"बरोबर. पावसाले बैल लागतातच." मग खिडकीकडे पाहत त्यांनी विचारलं, "दोन्ही संगंच ठेवले ना?"

"हो. अंकाराच्या संग्रहालयात आहेत, दोन्ही."

"चांगलं केलं," आबा म्हणाले आणि पुस्तक मिटून दिलं.

मी पुस्तक घेऊन आत गेलो, पण तो प्रश्न माझ्याबरोबर आला. आमच्याकडे शेवटची बैलजोडी होती सर्जा-राजाची. महाराष्ट्रातल्या निम्म्या बैलांची नावं तीच असतात, त्यात आमचं काही वेगळं नव्हतं. बारा वर्षं ती जोडी एका जुवाखाली चालली. शहर वाढत वाढत आमच्या शेतापर्यंत आलं, शेताचे प्लॉट पडले आणि एका उन्हाळ्यात आबा जोडी घेऊन बाजाराला गेले. जोडी म्हणून कुणी घेईना. राजा तरणा होता, तो एका शेतकऱ्याकडे गेला. सर्जाचं वय झालेलं. तो कुणी घेतला, हे आबांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

त्या वर्षी पोळ्याला घरात बैल नव्हता. ज्याच्या दारी बैल नसतो तो मातीचे बैल पूजतो. आबा तोवर मातीच्या बैलाला हसायचे. अमावास्येच्या आदल्या दिवशी ते स्वतः उठून कुंभारवाड्यात गेले आणि एक बैल घेऊन आले. कुंभारानं जोडी पुढे केली होती म्हणे. आबांनी एकच घेतला. हाच तो वरच्या कप्प्यातला.

या वर्षीचा पोळा चार दिवसांवर आला आणि घरात उंदीर झाला. सौ.नं पिंजरा लावला, भजी लावली. उंदीर भजी सोडून रोज कपाटावर चढायचा. एका रात्री आवाज झाला म्हणून दिवा लावला, तर उंदीर काचेच्या कपाटातून उडी मारून पळाला, आणि वरच्या कप्प्यात मातीचा बैल आडवा पडलेला. सुदैवानं फुटला नव्हता. आबा झोपले होते. सौ.नं कायदा मोडून बैल उचलला.

"अहो, हा खुळखुळतोय!"

मी बैल उलटा केला. पोटाच्या भोकातून – कुंभारदादांच्या त्या वाफेच्या भोकातून – माझ्या तळहातावर सरकी पडली. कापसाची सरकी, आमच्याकडे बैलाला खुराक म्हणून घालतात ती. काही काळी पडलेली, जुनी. काही अगदी ताजी. बैल हलवत गेलो तसतशी ती येत राहिली. चांगली ओंजळ भरली. वर्षा-वर्षाची साठलेली होती.

"काय करू राह्यले रे?" मागून आवाज आला.

आम्ही दोघं, साठी उलटलेले, चोरी करताना सापडलेल्या पोरांसारखे उभे राहिलो.

"आबा, यात... सरकी आहे."

"मंग?" आबा म्हणाले. "पोळ्याले बैलाले नुसतं ओवाळायचं? खायाले नको त्याले?"

त्यांनी माझ्या हातातून बैल घेतला, खाटेवर बसले आणि एकेक दाणा पुन्हा भोकातून आत घालू लागले. बोटं थरथरत होती, निम्मे दाणे खाली पडत होते. सौ. काही न बोलता खाली बसली आणि वेचून देऊ लागली. उंदरांबद्दल भाषण करायची तिची पूर्ण तयारी होती. ते तिनं केलं नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली, त्यात हे प्रथमच घडलं.

मी तुर्कस्तान, इराक, चीन, इंग्लंड फिरून आलो होतो. बैलाच्या पोटात लोक काय काय घालतात याची यादी माझ्या वहीत होती. आमच्या घरातलीच नोंद राहिली होती. हित्ती राजे बैलातून देवाला पाजत होते. आमचे आबा बैलालाच खाऊ घालत होते. भोक तेच, ओतायची दिशा तेवढी उलटी.

पोळ्याच्या दिवशी सौ.नं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. आम्ही खान्देशी माणसं मडकं पालथं घालून त्याच्यावर पोळी भाजतो. मडक्याचा हा उपयोग तुर्कांनाही सुचलेला नाही, तो त्यांनी जरूर लिहून घ्यावा. बैलाच्या शिंगांना नातवानं नवा हिंगूळ लावला. पाटावर बैल ठेवला, ओवाळलं. मग आबांनी इकडे-तिकडे पाहिलं.

"ते कुठी आहे?"

"काय?"

"ते... तुमचं उंट. घोडं. जे काय असंल ते."

नातू धावत जाऊन फ्रिजवरचा घोडा घेऊन आला. आबांनी तो बैलाच्या उजव्या अंगाला ठेवला. राजा उजवीकडे चालायचा. घोडा बैलापेक्षा बोटभर उंच होता, रंग भलता, तोंड कुणाचं ते अजून ठरलेलं नाही. आबांनी त्याच्या पाठीतल्या भोकातून चिमूटभर सरकी सोडली. ती आत न राहता पुढच्या तोंडातून सरळ पाटावर आली.

"हा तं काही ठेवूनच घेत नाही," नातू म्हणाला.

"नवीन आहे," आबा म्हणाले. "सवय होईल."

संध्याकाळी त्यांनी दोघांना उचलून वरच्या कप्प्यात शेजारी शेजारी ठेवलं. मी विचारलं नाही, तरी ते कपाट लावता लावता म्हणाले, "राहू दे तिथंच. एकटं जनावर नीट खात नाही."

उंदीर अजून येतो. सौ.नं पिंजरा काढून टाकला आहे.